कुंभारीच्या रस्त्यावर अप्पांसोबत कोण होतं?

भूत, चकवा, अंगात येणं... यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. सोलापूरच्या एका हायस्कुलात मी तीस वर्षं गणित आणि सायन्स शिकवलं, आणि हडळीच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना बाकावर उभं केलं. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे. पण सत्तरी उलटली, आता सांगून टाकतो.

साल १९७५, एप्रिलचा शेवटचा रविवार. गिरणीच्या मागच्या चाळीत आम्ही तिघं राहायचो – मी, बायको सुमन आणि माझे वडील, अप्पा.

अप्पांची सगळी नोकरी मागावर गेली, आठ-आठ तास एका जागी उभं राहून. "आटवडाभर पाय आंबत्यात, चाललं की मोकळं हुत्यात," म्हणायचे. म्हणून दर रविवारी अक्कलकोट रस्त्यानं कुंभारीपर्यंत पायी जायचं आणि पायी यायचं. सात वर्षांचा असल्यापासून मी त्यांच्याबरोबर असायचो. त्यांचे नियम ठरलेले. नव्या चपलांना आधी दोन दिवस तेल पाजायचं. तळव्यांना एरंडेल. डांबरावरून नाही, कडेच्या मातीवरून चालायचं. तहान लागली तर आधी गुळाचा खडा, मग घोटभर पाणी. पहिले तीन मैल बसायचं नाही, मग पाय उचलत नाहीत. कुंभारीजवळच्या कडुलिंबाखाली कडक भाकरी आणि शेंगाचटणी. घरी चार शब्द न बोलणारा हा माणूस त्या रस्त्यावर सारखा बोलायचा. तसं सुख मला पुढे कशातच मिळालं नाही, हे अगदी खरं आहे.

मग माझी नोकरी, लग्न... माझं जाणं सुटलं. अप्पा एकटेच जात राहिले. पुढे ते विसरायला लागले. सुमनला माझ्या आईच्या नावानं हाक मारायचे. तेव्हापासून आम्ही त्यांना एकटं सोडत नव्हतो.

त्या रविवारी साडेनऊला ते टोपी घालून माझ्यासमोर उभे राहिले. "बाळू, चल की. ऊन व्हायच्या आत जाऊन यिऊ."

माझ्यापुढे वार्षिक परीक्षेचे पेपर होते आणि निकालाची घाई. मी खेकसलो, "दिसत नाही का तुम्हाला? जायचं तर जा एकटे."

हेच शब्द. एकही बदललेला नाही.

पेपर तपासून उठलो तेव्हा साडेअकरा झाले होते. अप्पा घरात नव्हते, त्यांच्या चपलाही नव्हत्या. ते बाहेर ओट्यावर बसलेत, असं सुमनला वाटलं होतं. मी सायकल काढली आणि कुंभारीच्या वाटेला लागलो.

नाक्यावरचा वॉचमन आम्हाला वर्षानुवर्षं ओळखायचा. अप्पांना पाहिलं का म्हणून विचारलं, तर हसला. "मगाशीच गेला की तुमी दोघं. त्यांच्यावर छत्री धरली हुती तुमी. आता सायकलवर हितं कसं काय?"

मला त्याचा संताप आला. भ्रमिष्ट म्हाताऱ्याला एकट्यानं जाऊ दिलं, वर काहीतरी बरळतोय! पण त्याला तरी काय म्हणणार? अप्पा तीस वर्षं त्याच वाटेनं जात होते. त्यांना अडवायचं कुणाच्या डोक्यात येणार?

ऊन असं होतं की टायरला डांबर चिकटत होतं. दिसेल त्या चरात, दिसेल त्या झुडपामागे मी उतरून बघत होतो आणि 'अप्पा, अप्पा' ओरडत होतो. देव न मानणारा मी, सिद्धेश्वरापासून आठवेल त्या देवाला नवस बोललो. माझ्या एका वाक्यानं बाप उन्हात मरणार, एवढंच डोक्यात होतं.

कुंभारीच्या अलीकडे एका विहिरीवरून बाईनं हाक मारली. "ओ दादा, माजी कळशी कुटं हाय?"

"कसली कळशी?"

"असं काय करताय? मगाशी तुमीच नेली की, म्हाताऱ्याला पाणी पाहिजे म्हणून. लिंबाखाली बसवलंय म्हणालासा."

सायकल तिथेच टाकून मी पळत सुटलो.

अप्पा लिंबाखाली बसले होते. डोक्यावर ओला पंचा, शेजारी अर्धी कळशी पाणी. जिवंत होते. मी त्यांना मिठी मारून रडलो. त्यांनी माझे हात हळूच बाजूला केले.

"कोण म्हणायचं आपण?"

"अप्पा, मी बाळू."

"बाळू गाडी बघाय गेलाय, मला चालवंना झालं म्हणून. तुमी बसा, यील इतक्यात."

मी आईचं नाव सांगितलं, चाळ सांगितली, पाया पडलो. "असली थट्टा करू नये," एवढंच म्हणाले. उठायला तयार होईनात. शेवटी मीही शेजारी बसलो. दोन तास आम्ही दोघं माझीच वाट बघत होतो. खोटं कशाला बोलू... तो खरंच येईल, याची मला भीती वाटायला लागली होती.

अखेर मी म्हणालो, "तुमच्या मुलानंच पाठवलंय मला. तो घरी वाट बघतोय." अप्पांनी लगेच चपला घातल्या.

विहिरीवर कळशी देऊन मी त्यांना कॅरियरवर बसवलं. वाटेत ते पूर्वीसारखे बोलत होते. "सकाळी नुस्तं चल म्हटलं, तर हातातलं पेपर टाकून उटला की. लई गुणाचं पोर हाय." मला पुढचा रस्ता धड दिसत नव्हता.

त्या दिवसानंतर अप्पांनी मला कधीच ओळखलं नाही. सुमनला ओळखायचे, शेजाऱ्यांना कधी कधी ओळखायचे. मला नाही. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं. मान्य. पण आमच्या घरात छत्रीच नव्हती. मी दोन तास जागचा हललो नव्हतो, याला सुमन साक्षी आहे, आणि तेवढ्या वेळात तपासलेले बत्तीस पेपरही. मग नाक्यावरून कोण गेलं? कळशी कुणी नेली? आयुष्यभर पोरांना उत्तरं काढायला शिकवली, याचं उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही.

मार्गशीर्षात अप्पा गेले. शेवटच्या दिवशी मी उशाशी बसून चमच्यानं पाणी पाजत होतो. दोन चमचे प्यायले आणि म्हणाले, "परक्यासाठी तुमी लई केलंत. आता जरा सरका. बाळू यायचाय, दार दिसंना झालंय."

मी सरकलो.