पाच पावलं मागे

माझा दादा एकोणीस वर्षं एकाच खोलीत एकच वाक्य बोलत आलाय. "श्वास घ्या, रोखून धरा, हलू नका." मग पाच पावलं मागे, भिंतीच्या आड, बटण, आणि तिथूनच "सोडा." तो एक्स-रे काढतो. दिवसाला साठ-सत्तर माणसं. खांदे सरळ करायचे, हनुवटी वर करायची आणि लांब व्हायचं. घरीही त्याचं तेच. भांडण लागलं की हा दाराच्या आड. आई गेली तेव्हा सगळ्यांना फोन करायच्या निमित्ताने हा तासभर जिन्यात उभा. मी त्याच्याहून सहा वर्षांनी लहान, पण तोंडाने दुप्पट, त्यामुळे हे सगळं मी त्याला कैकदा ऐकवलेलं आहे.

शौक म्हणाल तर एकच, व्हिडिओ गेम. एक महाअवघड खेळ त्याने गेल्या वर्षी संपवला, तोही जादूगार होऊन. लांब उभं राहायचं, काठीतून आगीचे गोळे सोडायचे, राक्षस जवळ येईपर्यंत खलास. तोच खेळ तो आता पुन्हा पहिल्यापासून खेळत होता. या खेपेला जादू नाही, धनुष्य नाही, हातात फक्त गदा. म्हणजे मारायचं तर अंगाला अंग भिडवून. एकदा संपलेला खेळ मुद्दाम जास्त हाल करून घेत परत खेळणाऱ्याला काय म्हणावं? मी नको नको ते म्हणून घेतलं. दोन महिने रजा टाकून मी आप्पांचं करत होते, कंबरेचा पार भुगा झाला होता, आणि हे महाशय सकाळची ड्यूटी आटोपली की दुपारी तीनला टीव्हीसमोर.

आप्पा म्हणजे आमचे वडील. तीन महिन्यांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली, जीभही जड झाली. वजन मात्र होतं तेवढंच, ऐंशी किलो. त्यांना खाटेवरून खुर्चीत कसं बसवायचं ते दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी आम्हा दोघांना शिकवलं होतं. त्यांच्या गुडघ्यांना आपले गुडघे टेकवायचे, काखेतून हात घालून त्यांना कवेत घ्यायचं, छातीला छाती लावायची आणि एका दमात उठवून वळवायचं. "मागे सरायचं नाही," बाई म्हणाल्या होत्या. "मागे सरलात की दोघंही पडाल."

घरी आणल्यावर तिसऱ्याच दिवशी दादाने आप्पांना खाटेच्या कडेला बसवलं. खांदे सरळ केले, हनुवटी वर केली, "हलू नका" म्हणाला, आणि पाच पावलं मागे जाऊन दाराच्या आड उभा राहिला. आप्पा तोंडावर आपटले. पुढचे दोन दात गेले. जगात दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती. त्या दिवसापासून दादाने आप्पांना हात लावला नाही. औषधं आणायचा, चादरी धुवायचा, भाजी निवडायचा, पण उचलायचं नाव काढलं की चेहरा पांढराफटक.

आणि माझी रजा सोमवारी संपत होती. माझी शाळा, नवरा, मुलगी, सगळं दुसऱ्या गावात. आप्पांसारख्या आजारी माणसांना ठेवून घेणाऱ्या एका संस्थेचा फॉर्म फ्रिजवर लावून ठेवला होता. शनिवारपर्यंत सही करून द्यायची, नाहीतर जागा दुसऱ्याला. आप्पांना तिकडे जायचं नव्हतं. तोंडाने सांगता येत नव्हतं, पण फॉर्मचा विषय निघाला की ते भिंतीकडे मान वळवायचे, आणि मग जेवायचेही नाहीत.

त्या आठवड्यात दादा एका पुलावर अडकला होता. पुलावर भला मोठा पहारेकरी, हातात दोन पुरुष लांब भाला. मेलं की पार खालच्या कमानीपासून परत चालत यायचं. बुधवारी मी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. माझ्या देखत तो अकरा वेळा मेला.

"मागे कशाला उड्या मारतोस?" न राहवून मी म्हटलं. "भाला लांब आहे ना त्याचा? मागे गेलास की बरोबर टोकावर सापडतोस. आत घुस."

"माहितीय."

"मग?"

"डोक्याला माहितीय गं. बोटं ऐकत नाहीत."

"मग हो की परत जादूगार. कशाला जिवाला त्रास?"

त्याने खेळ थांबवला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आप्पांना काय काठीने उचलू?"

माझ्या हातातली घडी तशीच राहिली. मग मी माझ्या स्वभावाला जागले. "असं खेळून कुणी माणूस उचलायला शिकतं होय?"

"नसेल शिकत. पण इथे चुकलं तर मीच पडतो."

त्यानंतर मी गप्प बसून बघितलं. तो पुटपुटत होता, "श्वास घ्या, रोखून धरा," आणि भाला आला की मागे. पुन्हा कमान. पुन्हा मागे. शुक्रवारी दोनदा तो भाल्याखालून आत शिरला, पहारेकऱ्याच्या पोटाशी, तिथे भाला पोचत नव्हता. तरी मेलाच. पहारेकरी आजही त्या पुलावर उभा आहे.

शनिवारी दुपारी मी फॉर्म काढला, पेन शोधलं. तीन वाजले तरी टीव्हीचा आवाज नाही. आप्पांच्या खोलीपाशी गेले तर दादा खाटेसमोर उभा. आप्पा कडेला बसलेले, घाबरलेले. दादाने खांदे सरळ केले नाहीत, हनुवटीला हात लावला नाही. गुडघ्यांना गुडघे टेकवले, खाली वाकला आणि त्यांना कवेत घेतलं. "श्वास घ्या, आप्पा. रोखून धरा." पुढचं वाक्य तो बोलला नाही. आप्पा उठले, डगमगले. दादाचा उजवा पाय मागे निघाला, मी पाहिला, आणि तो त्याने परत पुढे आणून टेकवला.

धावत जाऊन धरावं असं मला इतकं वाटत होतं की मी चौकट घट्ट पकडून ठेवली. दाराच्या आड त्या दिवशी मी होते.

आप्पा खुर्चीत बसले. दादाची मिठी सुटेना. त्याचं तोंड लालबुंद झालेलं, मानेच्या शिरा टरारलेल्या. आप्पांनी आपला चांगला हात उचलून त्याच्या पाठीवर ठेवला आणि जड जिभेने, दोन दात नसलेल्या तोंडाने म्हणाले, "सोड... श्वास सोड, बाळा."

दादाने श्वास सोडला आणि तसाच त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊ लागला. मी स्वयंपाकघरात येऊन बसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्या हातांना काही काम नव्हतं. फॉर्म समोर होता. तो फाडायचंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं, म्हणून मी त्याच्यावरच डोकं टेकून झोपले.