वगळलेली चाचणी

रेनो कांगासला कॉफी दिली की तो आधी कपाला बोट लावून बघायचा, मग ओठ टेकवायचा, मग घोट. मी म्हणायचे, "अरे मेल्या, कॉफी आहे, विष नाही!" तो म्हणायचा, "हेल्मी, मी तुझ्यावर नाही, थर्मासवर संशय घेतो." थर्मासने त्याला कधी दगा दिला नाही, तरी पठ्ठ्या सुधारला नाही. हॅनकॉक या खाणींच्या गावातलं आमचं छोटं रेडिओ स्टेशन बंद पडून जमाना झाला. तिथे आता कुत्र्यांचे केस कापतात. रेनोही गेला. पण दुपारी कॉफी ठेवली की तो बोट पुढे केलेला हात आठवतो आणि खोटं कशाला बोलू, डोळे भरतात.

रेनो आमचा इंजिनिअर. म्हणजे मायक्रोफोनपासून गळक्या नळापर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात. मी फोन, जाहिराती आणि मालकाचा राग सांभाळायचे. मालक कार्ल ट्रेव्हॅरो, खाणीत आलेल्या कॉर्निश लोकांचा नातू. डब्यात रोज पेस्टी, म्हणजे मांस-बटाट्याची मोठी करंजी, आणि तोंडात रोज "आजच्या आज हवंय." रेनोला आणखी एक उद्योग होता. संगणकाची एक स्क्रिप्टिंगची भाषा होती, फुकट मिळणारी. देशोदेशीचे हौशी लोक मिळून ती चालवायचे. नवी आवृत्ती निघाली की प्रत्येकाने आपापल्या मशीनवर चाचण्या घ्यायच्या आणि ठीक आहे की मोडलंय ते ईमेलने कळवायचं. स्टेशनचं निम्मं काम रेनोने त्याच भाषेत बसवलं होतं, म्हणून तोही त्या गोतावळ्यात.

"काय मिळतं रे तुला त्यातून?" मी एकदा विचारलं.

"झोप," तो म्हणाला. "काय मोडलंय ते कळलं की मला झोप लागते."

आता आउनेमावशीचं सांगते. आउने पेल्टो, सत्तरी ओलांडलेली, काठीने चालणारी आणि त्याच काठीने बोलणारी. दर गुरुवारी स्टेशनवर यायची. तरुणपणी तिने पेल्टोशी लग्न ठरवलं. पेल्टो लाल झेंडेवाला, आणि मावशीचं घर पक्कं चर्चवालं. खाणींसाठी परदेशातून इथे आलेल्या आमच्या फिन लोकांत तेव्हा या दोन पक्षांचे लोक एकमेकांच्या दुकानात मीठसुद्धा घेत नसत. आईवडील आधीच गेलेले, घरात मोठा भाऊ एइनो. त्याने साफ सांगितलं, हे लग्न होणार नाही. युहान्नुसच्या, म्हणजे जूनमधल्या उन्हाळी सणाच्या नाचाला दोघांचं सगळ्या हॉलसमोर भांडण झालं आणि मावशी निघून गेली. त्यानंतर एइनोने स्टेजवर चढून माइकवर काहीतरी सांगितलं. त्याच शरदात तो खाणीत दगडाखाली गेला. बहीणभावाचं बोलणं राहिलं ते राहिलंच.

काय बोलला तो? कोणी म्हणे शिव्या घातल्या, कोणी म्हणे रडला. आपापल्या पक्षाला सोयीचं तेवढं जो तो सांगायचा. मावशी पेल्टोबरोबर उभा जन्म सुखाने राहिली, पण तो काटा तिच्या पायात तसाच राहिला. आणि दोन हजार साली आमच्याच तळघरात त्या नाचाची टेप सापडली. त्या वेळी तिच्यातली फक्त गाणी हवेवर गेली होती. बोलणं हॉलबाहेर कोणी ऐकलंच नव्हतं.

टेप इतकी सुकलेली की एकदाच वाजली असती. कार्लने ती परराज्यातल्या एका प्रयोगशाळेत पाठवली. त्यांनी ती एका दमात, अगदी उंची दर्जात उतरवून घेतली. परत आली ती एक डिस्क आणि पिशवीभर टेपचा चुरा. अख्खी संध्याकाळ एकाच फाइलमध्ये, आणि ती फाइल म्हणजे राक्षस. त्यांनी आपली प्रत पुसून टाकली होती. म्हणजे एइनोचं बोलणं जगात होतं ते त्या एका डिस्कवर, आणि तेही पार शेवटाला.

"मग वाजव की!" कार्ल म्हणाला. "परवा युहान्नुस आहे. मी जाहिरात करून बसलोय."

आमच्या रेनोची पद्धत अशी होती की त्याची स्क्रिप्ट फाइल उघडायची, तिच्यातली घरघर जागच्या जागी, म्हणजे मूळ फाइलवरच, साफ करायची आणि मग हवेवर सोडायची. त्या भाषेच्या नव्या आवृत्तीचा चाचणी-अहवाल आलाच होता: सर्व ठीक. रेनोने तो वाचला. मग त्याच्या खालची बारीक ओळ वाचली. तिथे लिहिलं होतं, एक चाचणी वगळली. कुठली? मोठ्या फाइलींची.

त्या चाचणीपुढे सूचना होती की डिस्कवर खूप जागा लागेल, वेळ लागेल, नाव घेऊन सांगितलंत तरच चालवू. त्यामुळे कोणी नाव घेतच नव्हतं. वगळलेलं म्हणजे नापास नव्हे, म्हणून वर "सर्व ठीक." रेनोने त्या मंडळींना विचारलं की ही चाचणी चालवतं कोण? विनिपेगहून ओदार्का नावाच्या बाईचं उत्तर आलं, "अरे देवा! आम्हाला वाटलं, एवढा चिकित्सक तू आहेस, तूच चालवत असशील."

रेनो कानापर्यंत लाल झाला. कारण तोही वगळत आला होता. मी इतकी हसले की फोन वाजत राहिला.

मग त्याने ती नाव घेऊन चालवली. क्षणात पास!

"झालं ना समाधान?" कार्लने पेस्टी खाली ठेवली. "आता वाजव."

"थांब. एवढी मोठी फाइल एका क्षणात कशी झाली?" रेनो पडद्याला नाक लावून बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "पोकळ आहे. हिने शेवटाला उडी मारून एकच अक्षर लिहिलं. मधे काही नाही, मशीन नुसतं 'आहे' म्हणतंय. एइनोची फाइल पोकळ नाही, कार्ल. खच्चून भरलेली आहे."

"मग कर ना नक्कल, नकलेवर प्रयोग कर!"

"नक्कल करणारं हेच मशीन. ते मधेच थांबून झालं म्हणालं तर?"

"मग दोन तुकडे कर."

"तुकडे करायलाही उघडावीच लागेल. कशाने उघडू?"

कार्लने हात टेकले. रेनोचं म्हणणं साधं होतं: आधी तेवढीच रद्दीची फाइल बनवायची, काठोकाठ भरायची, तिच्यावर प्रयोग करायचा. त्याला जागा हवी. जागा कुठे होती? रेनोने जन्मभर जमवलेल्या हॉकी सामन्यांच्या रेकॉर्डिंगनी स्टेशनच्या मशीनची डिस्क भरलेली. बायकोलाही कधी हात लावू दिला नसता अशा थाटात जपलेली. त्याने पाचेक मिनिटं ती यादी बघितली आणि पुसून टाकली.

"अरे, निदान ती फायनल तरी ठेवायची!" मी ओरडले.

"निकाल माहीत आहे मला," तो म्हणाला.

फाइल भरायला अख्खी दुपार गेली. प्रत्येक भागात त्याने वेगळं अक्षर भरलं, म्हणजे काय हरवलं ते कळावं. दोन अब्ज अक्षरांपर्यंत सगळं सुरळीत. पुढे मात्र जुन्या पिकअपचा मैलांचा आकडा उलटून शून्यावर यावा तसं झालं, फक्त हा आकडा शून्यावर न येता उणे झाला. फाइलची लांबी उणे दोन अब्ज! उघडून बघितलं तर शेवटचा एक-तृतीयांश भाग गायब. एइनो तिथेच असता.

कार्ल खुर्चीत बसला. "माझी जाहिरात," एवढंच म्हणाला.

युहान्नुस आला आणि गेला. आम्ही नुसती पोल्का नाचाची गाणी वाजवली. गुरुवारी आउनेमावशी आली आणि तिने रेनोच्या टेबलावर काठी आपटली.

"तुझ्या त्या पेटीत माझा भाऊ आहे आणि तू त्याला बाहेर काढत नाहीस?"

"मावशी, घाई केली तर तो कायमचा जाईल."

"आणि घाई नाही केली तर मी कायमची जाईन! कोण आधी जातंय बघायचंय का तुला?"

रेनोने मान खाली घातली. मला त्याची इतकी कीव आली की मावशीला मीच दोन शब्द सुनावले. ती म्हणाली, "तू गप गं, तुझी कॉफी पाणचट." पण पुढच्या गुरुवारी वेलदोडा घातलेला गोड पाव घेऊन आली, आणि त्याच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "खा. उपाशी माणसाकडून चुका होतात."

सगळा उन्हाळा असा गेला. फाइलमध्ये आपण कुठे आहोत तो आकडा ती भाषा एका लहान खणात ठेवत होती, तो खण मोठा करायचा होता. एके ठिकाणी मोठा केला की दुसरीकडे लहान सापडायचा. रेनो दुरुस्त करायचा, ओदार्का तिकडून तपासायची, मग पुन्हा रद्दी भरायची, पुन्हा दुपारभर डिस्कची घुरघुर. कार्ल म्हणायचा, "पगार देतो मी याला, कचरा लिहून पुसायला." आणि खरंच, त्या उन्हाळ्यात रेनोने जे जे लिहिलं ते संध्याकाळी पुसलं. एवढं मन लावून केलेलं, मागे काही न उरणारं काम मी दुसरं पाहिलं नाही.

ऑक्टोबरात, पहिला बर्फ भुरभुरत होता त्या दुपारी, रद्दीचं शेवटचं अक्षर जागेवर सापडलं. "आहे," रेनो म्हणाला. मी टाळ्या पिटल्या. त्याने मला गप्प केलं, फाइल पुसली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. मग मावशीला फोन करायला सांगितलं.

ती चर्चला जायच्या कोटात आली. पेल्टोला जाऊन वर्षं झाली होती, तरी अंगठी घासूनपुसून घालून आलेली. रेनोने डिस्कवरची खरी फाइल उघडली, एकदम शेवटाकडे नेली. आम्ही तिघं आणि कार्ल, चौघंही स्पीकरकडे वाकलो. अकॉर्डियन थांबलं, माइक खरखरला आणि एका तरुण माणसाचा आवाज आला, थोडा धापा टाकणारा.

"मंडळी, जरा ऐका. माझ्या बहिणीला कोणी भेटलं तर सांगा, मी मूर्ख आहे. मी सौना तापवून ठेवलाय. म्हणावं, दोघांनी या. त्यालाही घेऊन ये, म्हणावं. मी जागा आहे."

मग अकॉर्डियन सुरू झालं. आमच्याकडे ज्याला घरच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, आंघोळीला बोलावलं तो घरचा झाला, त्यापुढे काही बोलायचं राहत नाही. कार्लसुद्धा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

मावशी हलली नाही. रेनो तिच्याजवळ गुडघ्यावर बसला आणि चाचरत म्हणाला, "मावशी, माफ करा. तुम्हाला फार थांबायला लावलं मी."

तिने त्याचे दोन्ही हात धरले.

"तू थांबलास म्हणून तर ऐकलं रे," ती म्हणाली. "मी नाही थांबले. मी हॉलच्या दाराबाहेर उभी होते. तो स्टेजवर चढताना दिसला मला. वाटलं, आता हा मला शिव्या देणार. म्हणून तो तोंड उघडायच्या आत मी निघाले."