तातेची रॅकेट आणि त्रिचीची सीट

आमच्या घरात माझ्यापेक्षा माझ्या बॉलला जास्त मान होता. बॉल बॅडमिंटनचा बॉल पिवळ्या लोकरीचा असतो, आणि लोकर म्हणजे सोवळी. आत्या ज्या धाबळीत स्वयंपाक करायची तीही लोकरीचीच, तेव्हा बॉल तिच्या नात्यातला. तो घरंगळत थेट देवघरात गेला तरी ती चकार शब्द काढायची नाही. त्याच्यामागे मी धावले की मात्र उंबऱ्याशीच अडवायची आणि बॉल उचलून वरूनच माझ्या ओंजळीत टाकायची, तीर्थ द्यावं तसा.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. फार लहानपणी विधवा होऊन कुंभकोणमला माहेरी, म्हणजे पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आमच्या मराठी घरात, परत आली आणि आल्या दिवसापासून घर तिच्या ताब्यात. वडील मुलांच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. शाळेत त्यांना सगळे घाबरत, घरी ते आत्याला घाबरत. आई बिचारी दोघांच्या मधून वाट काढायची.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. मी बारावी पास झाले होते, पण कशी, ते विचारू नका. गणितानं मला काठावर आणून सोडलं होतं. एवढ्या मार्कांवर गावातल्या कॉलेजातसुद्धा जागा मिळणार नव्हती. घरात टायपिंगचा क्लास आणि तंजावरचं एक स्थळ, असे दोन विषय एकाच दमात निघायला लागले होते. मला दोन्ही नको होतं. मला त्रिचीला जायचं होतं. तिथलं एक मुलींचं कॉलेज दरवर्षी बॉल बॅडमिंटनसाठी आमच्या भागातून दोन मुली उचलायचं. सीट, वसतिगृह, जेवण, सगळं फुकट. त्या दोघींत मी नसले तर माझं काही खरं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, मग चांगलं खेळायचं, झालं. अहो, इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! खेळाच्या कोट्यात खेळ सगळ्यात शेवटी यायचा. आधी क्लब. गावात क्लब एकच, आणि त्रिचीच्या कॉलेजातल्या खेळाच्या मॅडम क्लबच्या टीमखेरीज कुणाला बघायच्याच नाहीत. क्लबचे अध्यक्ष पितळी भांड्यांचे मोठे व्यापारी. त्रिचीच्या त्या वसतिगृहातलं सांबार ज्या पातेल्यांत उकळायचं ती पातेली त्यांच्याच दुकानातून धर्मादाय गेलेली. त्यांची भाची आमच्याच टीममध्ये होती. तिची सीट मी म्हणते ती पाचवीत असतानाच ठरली असणार. पोरगी स्वभावानं गोड होती आणि बरी खेळायची, त्यामुळे तिच्यावर धड रागावताही येत नसे. म्हणजे दोनातली उरली एक.

त्या एका जागेसाठी खरी दावेदार मी नव्हते. शेजारच्या इन्नंबूर गावाहून सायकल मारत एक डावखुरी यायची. तिचे वडील दुसऱ्याच्या भाताच्या शेतात राबत. शाळेच्या मैदानावर अध्यक्षांनी तिला पाहिलं आणि वर्गणी माफ करून क्लबात घेतलं. परोपकार वगैरे काही नाही, त्यांना कप हवा होता. ती मागे कोपऱ्यात उभी राहायची, आणि बॉल कुठूनही येवो, तिचा डावा हात आधीच तिथे पोचलेला. तिच्याशेजारी खेळताना मला आपण उगीच हातपाय हलवतोय असं वाटायचं. तरी मी आशा सोडली नव्हती. आशेला काय, पैसे पडत नाहीत.

मे महिन्यात आडुतुरैला स्पर्धा होती आणि मॅडम तिथे येणार होत्या. अध्यक्षांनी टीममधल्या आम्हा पाचजणींना क्लबच्या चांगल्या रॅकेटी घरी न्यायला दिल्या. एरवी त्या कपाटात कुलपात असत आणि आमच्यासारख्या बिनपैशाच्या मुली नायलॉनवर खेळत. ही रॅकेट तातेची होती. नुसतं नख लावलं तरी वीणेसारखी वाजायची. मी ती मिरवत घरी आणली आणि देवघराच्या बाहेरच्या खुंटीला टांगली.

घात केला तो वडिलांनी. रात्री पानावर बसलो होतो. रॅकेट इतकी टणटण का वाजते असं आईनं सहज विचारलं, आणि वडिलांमधला मास्तर जागा झाला. ही साधी दोरी नव्हे, म्हणाले, ही तात. मेंढीचं आतडं काढायचं, सोलायचं, पीळ द्यायचा. शिवाय तेच आतडं शस्त्रक्रियेत टाके घालायलाही वापरतात, हेही सांगून झालं. आत्याचा हात पानावरच थांबला. तिनं मान वळवून खुंटीकडे पाहिलं, मग पुढ्यातला ताकभात पाहिला आणि उठली.

मी वाद घातला. भजनाच्या मठात मृदंग चालतो, त्याला काय केळीचं पान लावलेलं असतं? आत्या म्हणाली, "मृदंग देवासाठी वाजतो. तुझं हे कुणासाठी वाजतं?"  

दुसरी कुणी असती तर रॅकेट उचलून गटारात फेकली असती. आत्यानं तसं केलं नाही, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. मला त्रिचीला जायचं आहे हे तिला ठाऊक होतं. टायपिंग आणि तंजावर या विषयांवर ती आपणहून एकदाही बोलली नव्हती. माझी रॅकेटही राहावी आणि घरही बाटू नये, म्हणून तिनं आपल्याला येतं ते केलं. रॅकेट शुद्ध केली. पहाटे विहिरीवर नेऊन आधी गोमूत्र, मग शेणाचा हात, मग हळदीचं पाणी, आणि शेवटी पाण्यानं भरलेल्या घंगाळात बुडवून ठेवली. सकाळी माझी झोप पुरी होईपर्यंत ती परसात मेच्या उन्हात वाळत पडलेली होती.

तातेला पाणी लागलं की ती फुगते आणि सैल पडते. वर कडक ऊन मिळालं की आक्रसते. मी परसात गेले तेव्हा पहिली तार तुटली. मी धावत जाऊन उचलेपर्यंत आणखी दोन. मग काय, एकामागून एक सगळ्याच तटातट तुटल्या. मी तिथेच मातीत बसकण मारून भोकाड पसरलं. लग्नाच्या वयाची झाले असं ज्यांना वाटत होतं त्यांनी तेव्हा मला पाहायला हवं होतं. आत्या धाबळीत उभी होती, शिवता येईना म्हणून लांबूनच. इतकं धुतलं म्हणून तुटलं, की धुवायला कमी पडलं, हे तिचं तिलाच कळेना.

ती चूक झाली म्हणाली नाही. तो शब्द तिच्या कोशात नव्हता. स्पर्धेच्या दिवशी पहाटे मात्र पाण्याचा तांब्या घेऊन दारात तयार. तिरुनीलक्कुडीच्या देवाला तेल घालायचं आहे, आडुतुरैच्या जवळच तर आहे, मीही येते, म्हणाली. आमच्या कडक वैष्णव घरातल्या बाईला शंकराला तेल घालायची एकाएकी एवढी घाई! कुणी काही विचारलं नाही. बसमध्ये सगळ्यांपासून अंग चोरून बसली, आडुतुरैला आमच्याबरोबर उतरली, आणि तेलाचं नाव पुन्हा निघालं नाही.

मैदानावर मी पिशवीतून माझी जुनी नायलॉनची रॅकेट काढली. कोपऱ्यातल्या तारा आधीच ढिल्या होत्या. अध्यक्षांनी क्लबच्या रॅकेटचं काय झालं ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, आता मॅडमसमोर ही घेऊन उभी राहणार का?  इतक्यात डावखुरी आली, माझ्या हातातली नायलॉनची काढून घेतली आणि आपली तातेची माझ्या हातात दिली. म्हणाली, "मी लहानपणापासून नायलॉनवरच खेळतेय. मला चालतं." मला चालणार नाही हे तिला माहीत होतं. मलाही होतं. मी घेतली.

त्या दिवशी मी आयुष्यात कधी खेळले नव्हते तशी खेळले. तात हातात असली की बॉल कसा आपणहून जातो! आणि ती त्या ढिल्या जाळ्यानं माझ्यापेक्षाही सरस खेळली. आम्ही जिंकलो. मैदानाच्या कडेला पुंगमाच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली आत्या तांब्या मांडीवर घेऊन बसली होती. खेळातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण रॅकेटींची अदलाबदल तिनं पाहिली होती.

खेळ संपल्यावर मॅडमनी बोलावलं. भाचीला नुसतं हसून जूनमध्ये ये म्हणाल्या, तिथे प्रश्नच नव्हता. मग डावखुरीच्या पाठीवर हात ठेवला आणि बारावीचं विचारलं. तिनं रॅकेट दुसऱ्या हातात घेतली. परत विचारलं. इंग्रजी राहिलंय, असं ती इतक्या हळू म्हणाली की मॅडमना वाकावं लागलं. मॅडमनी हात काढला नाही, पण नजर माझ्याकडे वळवली. "तू? सगळ्या विषयांत पास?"

मी हो म्हटलं. एवढ्यावर मला सीट मिळाली.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?  आणि त्याच वेळी तिच्याकडे बघवत नव्हतं. ती माझ्या रॅकेटच्या ढिल्या तारा बोटानं सारख्या करत बसली होती, मला परत द्यायची म्हणून.

परतीच्या बसमध्ये आत्यानं मला खिडकीशी बसवलं आणि आमच्या मराठीत, म्हणजे बसमधल्या कुणाला कळणार नाही अशा बेतानं, चौकशी सुरू केली. ती तुझ्यापेक्षा चांगली खेळते ना? मी हो म्हटलं. मग तुला कशी मिळाली? मी म्हटलं, ती इंग्रजीत नापास आहे.  आत्या पुढे वाकून समोरच्या बाकावरच्या डावखुरीला तमिळमध्ये म्हणाली, "उद्यापासून संध्याकाळी आमच्या घरी ये. माझा भाऊ इंग्रजी शिकवतो. पैसे घेत नाही."

मी हळूच विचारलं, वडिलांना विचारलंस का?

"त्याला काय विचारायचं? आतड्याचं नाव पानावर त्यानंच काढलं."

आत्याकडून चुकीची कबुली म्हणून जन्मात मला एवढंच ऐकायला मिळालं.

दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर शिकवणी सुरू झाली. वडील आधी कुरकुरले, मग रंगले. फुकटचा विद्यार्थी आणि तोही ऐकून घेणारा, मास्तराला आणखी काय हवं? पहिल्या दिवशी तिच्या कॉफीचा पेला वेगळा होता आणि आत्यानं तो ओट्याच्या कडेला ठेवला होता. ते मला दिसलं, तिलाही दिसलं. मी जूनमध्ये त्रिचीला गेले. दिवाळीला घरी आले तेव्हा ती आत माजघरात बसून इंग्रजीचे धडे मोठ्यानं वाचत होती आणि आत्या चुलीपुढून तिला जोरात वाच म्हणून सांगत होती, एक अक्षर कळत नसताना. कॉफी आमच्याच पेल्यांतून होती.

पुरवणी परीक्षेत ती पास झाली. पुढच्या जूनमध्ये मॅडमनी तिला घेतली. अध्यक्षांना त्या वर्षी कुणी भाची नव्हती हे तिचं नशीब.

पहिल्याच मोठ्या सामन्याला मॅडमनी पाचजणींची नावं वाचली आणि त्यांत माझं नव्हतं. मी वर्षभर जिथे उभी राहायचे तिथे तिचं होतं. मी बाकावर जाऊन बसले. आत जाता जाता ती माझ्यापाशी थांबली आणि रागावलीस का, असं विचारलं.

"हो," मी म्हटलं. "खूप."

ती हसली आणि कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. समोरच्या मुलीनं मारलेला बॉल रेषेबाहेर जाणार असंच मला वाटलं होतं. डावा हात कुठून पोचला कोण जाणे, बॉल जाळीला घासून त्यांच्या अंगणात पडला आणि सगळ्यांच्या आधी मीच उठून टाळ्या वाजवत होते.