समुद्रासाठी दिलेल्या माझ्या कवड्या

माझी कवड्यायची माळ आज सुमनबाईच्या नातवाच्या लाकडी बैलाच्या गळ्यात होती! बायांनो, नमस्कार. मंडळाच्या फळ्यावर मुद्दाम लिहून राहिली, सगळ्याजणी वाचा.

मंडळात समुद्र वाचवायचा वर्ग घेताना याच बाईनं सांगितलं, कवडीत जीव राहते, हौसेपायी मारू नका. मले पटलं. नातीच्या बैलाची माळ काढून वर्गाच्या प्रदर्शनात मांडाले तिच्याच हाती देली.

आज तान्ह्या पोळ्यात, पोरायच्या लाकडी बैलायच्या सणात, नात बोडका बैल घेऊन उभी, अन् सुमनबाईच्या नातवाले सजावटीचं पहिलं बक्षीस! माझ्याच लुगड्याच्या काठात ओवलेली माळ मी ओळखणार नाही?

"काहून वं सुमन?" म्हटलं.

"एकाच दिवसासाठी घातली वं, एवढं काय?"

मंग तो एक दिवस माझ्या नातीचा काहून नव्हता?

उत्तर सुमननंच द्यावं, याच फळ्यावर. आपल्या सुनेले पाठवू नये.