शेखसाहेब ओटीपी सांगेनात

ओटीपी आला आणि शेखसाहेबांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

"सांगा ना," मी म्हटलं. "नंबर सांगितला की तुमचं रिटर्न पक्कं. सहीच समजा ती."

"सहीच आहे मॅडम. म्हणूनच सांगत नाही."

मी नाशिकमध्ये पेन्शनरांची इन्कम टॅक्स रिटर्न्स भरते. शेखसाहेब सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. सटाण्यापासून इगतपुरीपर्यंत लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजण्यात त्यांची नोकरी गेली. शेजारी त्यांच्या बेगम, म्हणजे आमच्या भाभी, मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. टॅक्स शून्य आला होता. जादूगार रुमालातून कबूतर काढतो, तशा थाटात मी तो जाहीर केला होता. भाभींनी तिथल्या तिथे कूलर घ्यायचं ठरवूनही टाकलं होतं.

"अडलं कुठे?"

त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे व्याज. हे माझं नाही."

"तुमच्याच सेव्हिंग खात्यावरचं आहे."

"बँकेनं टाकलं. आम्हाला व्याज चालत नाही. दरवर्षी तेवढी रक्कम काढून कुणा गरजूच्या औषधपाण्याला देतो. पुण्य म्हणूनसुद्धा नाही, नुसती घराबाहेर काढतो. आणि तुम्ही लिहिलंय, शेखचं उत्पन्न!"

आता नियम ऐका. सरकारी माणसाला निवृत्त होताना मिळणारी ग्रॅच्युइटी टॅक्समधून पूर्ण माफ. दरमहा येणारी पेन्शन मात्र पगारासारखीच धरतात. आणि व्याज हे उत्पन्नच. खा, नाहीतर वाटून टाका.

"वगळलं तर रिटर्न खोटं होईल, साहेब."

"ठेवलं तर मी खोटा होईन."

"जन्मभर दुसऱ्यांच्या बांधांची भांडणं मिटवली यांनी," भाभी म्हणाल्या. "आता स्वतःच्या खात्यात बांध घालतायत. अहो, सांगा ना नंबर!"

तोवर ओटीपीची वेळ संपली.

मग मला जुना रेजीम आठवला. म्हणजे टॅक्स मोजायची जुनी पद्धत. तिच्यात ज्येष्ठांना बँकेच्या व्याजावर पन्नास हजारांपर्यंत वजावट मिळते. आधी उत्पन्नात दाखवायचं, मग वजा करायचं. नव्या रेजीममध्ये ही सोय नाही, पण टॅक्स शून्य आला होता तो नव्यामुळेच. मी दोन्ही हिशेब मांडले आणि स्क्रीन फिरवली.

"हे बघा. इथे आत आलं, इथे बाहेर गेलं."

शेखसाहेब पुढे झुकले. "मी करतो तेच की!"

"तेच. पण असं भरलं तर पेन्शनवर टॅक्स लागेल. साधारण एका कूलरएवढा."

भाभींनी पर्सची चेन ओढून बंद केली.

"पेन्शन माझी?" शेखसाहेबांनी विचारलं.

"तुमचीच."

"मग तिच्यावर भरतो."

"या अल्ला! आणि पुढचा उन्हाळा?"

"तोही माझाच, बेगम."

टॅक्स कमी करा म्हणून माझ्या टेबलापुढे लोक रडलेत, चिडलेत, एकाने तर पेढे आणले होते. वाढवून मागणारा हा पहिलाच. टॅक्सचं चलन भरलं, रिटर्न नव्यानं तयार केलं, पुन्हा ओटीपी मागवला. शेखसाहेबांनी तो उभं राहून वाचला, एकेक आकडा, हद्दीचा दगड रोवावा तसा.

दारापर्यंत गेलेल्या भाभी परत आल्या.

"मॅडम, व्याजच देत नाही असं खातं असतं का हो?"

"करंट खातं. त्यावर व्याज नसतं."

"पेन्शन तिथे येते?"

"येऊ शकते. बँकेत विचारा."

"म्हणजे व्याज नाही, भांडण नाही, आणि पुढच्या वर्षी परत शून्य?"

हे मला सुचायला हवं होतं. शेखसाहेब जिन्यावरून हाका मारत होते.

"थांबा हो," भाभी ओरडल्या, "आधी बँकेत जायचंय!"

हल्ली एकटा पेन्शनर आला की मी कागद मागण्याआधी विचारते, "घरून कुणाला बरोबर नाही आणलंत?"