पुलापाशी थांबलेला डाव

सांगलीच्या विश्रामबागेतले गंगाधरपंत गोरे स्टीलचा डबा सायकलला अडकवून एस.टी. स्टँडकडे निघाले, की शेजाऱ्यांना वाटे, यांचं कुणीतरी मिरजेच्या दवाखान्यात असावं. खरं तर पंत लढाईवर निघालेले असत. डब्यात कापसात गुंडाळलेली एक फ्लॉपी असे आणि तिच्यात दोन सैन्यं, एक मोठी नदी नि चिखलात रुतलेले रणगाडे.

तिकडे साताऱ्याला तो डबा उतरवून घ्यायला महेंद्र खरात येत. ते एका कॉलेजात भूगोल शिकवत. दोघांची ओळख सांगलीतल्या एका कॉम्प्युटर प्रदर्शनात झाली. सगळी गर्दी गोळ्या झाडायच्या खेळापाशी, आणि हे दोघे अनोळखी गृहस्थ कोपऱ्यातल्या एका नकाशापुढे खिळलेले. त्या खेळात बंदूक दिसतच नसे. एकेका ठोकळ्यात हजारो सैनिक. त्यांना कुठल्या रस्त्यानं न्यायचं, कुठला पूल धरायचा, पेट्रोल कसं पोचवायचं, एवढाच विचार. सगळी नोकरी कोयना प्रकल्पाचे नकाशे काढण्यात गेलेल्या पंतांना तो खेळ शिकवावा लागला नाही. मुलगा अनीश बंगळूरला नोकरीला जाताना आपला कॉम्प्युटर घरी ठेवून गेला आणि सांगली-सातारा लढाई सुरू झाली. एकानं चाल करून फ्लॉपी एस.टी.नं पाठवायची, दुसऱ्यानं आपली चाल करून ती परत धाडायची.

"सायेब, कोण जितलं म्हनायचं?" अर्जुना कंडक्टर डबा घेताना विचारी.

"अजून कुणी नाही."

"आवं, लय दिस चाललंय तुमचं. तवापासनं आमच्या भावकीचं बांधाचं भांडण बी मिटलं."

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर खरातसरांचा फोन आला. आवाज असा, की जणू घरात लग्न ठरलंय.

"पंत, मासिकात आलंय बघा! नवा खेळ येतोय. सबंध आघाडी एका नकाशावर. थंडीत नद्या गोठतात, पूल उडवला तर पुन्हा बांधावा लागतो!"

"कधी येतोय?"

"मार्चमध्ये म्हणे. आणि ऐका, टेलिफोनच्या तारेवरून एकाच वेळी समोरासमोर खेळता येणार. तुमचा डबा बंद!"

"वा," पंत म्हणाले.

"हा डाव संपला की जुन्याला हात लावायचा नाही. नवा येईपर्यंत कडक उपास. पुण्याचे आणखी चौघं हाच खेळ खेळतात, त्यांचंही तसंच ठरलंय."

पंतांनी फोन ठेवला. अनीशचं यंत्र जुनं. नव्या खेळाला ते पुरणार नाही, हे कुणी सांगायला नको होतं. सरांच्या कॉलेजात नवीन कॉम्प्युटर आले होते. तारेवरून खेळायचं म्हटल्यावर त्यांना पुणंच काय, मुंबईही जवळ होती. मग साताऱ्याच्या स्टँडवर डब्याची वाट कोण बघत बसणार?

मार्चचा जून झाला. तारीख पुढं गेली की सर फोनवर हळहळत. पंतही हळहळत, पण आतून त्यांना सुटल्यासारखं वाटे, आणि मग त्या वाटण्याची लाज वाटे. त्यांचा प्रश्न मात्र दर वेळी एकच.

"फ्लॉपीवर चाल पाठवायची सोय ठेवलीय का हो त्यात?"

"काही लिहिलेलं नाही, पंत."

पद्माताई स्वयंपाकघरातून ऐकत. "अहो, पत्रिका जुळते का विचारल्यासारखं काय विचारता दर खेपेला? यायचा तेव्हा येईल तो खेळ."

अशातच एकदा फ्लॉपी आली आणि पंतांनी नकाशा उघडला. सरांनी सगळं बळ उत्तरेला नेलं होतं. मधला मोठा पूल मोकळा! तो घेतला, की सरांचं पेट्रोल तुटलं आणि डाव संपला. पंतांचं बोट माऊसवर थबकलं. मग त्यांनी आपली फौज नदीअलीकडच्या रानात विश्रांतीला बसवली. पुढच्या खेपेलाही पूल मोकळाच होता, कारण सरांची कुमक लांब होती. पंतांनी फौज रानातच ठेवली.

तिसऱ्या खेपेला डब्यापाठोपाठ फोनही आला.

"पंत, पूल दिसला नाही तुम्हाला?"

"कुठला?"

"पंत."

"दिसला."

"मग? मी चुकलो तर चुकलो. मला सांभाळून घ्या असं म्हटलं होतं मी? सांभाळून घेणारे लोक आयुष्यभर पाहिलेत हो. पाठीवर हात ठेवायचा आणि मनात म्हणायचं, याला एवढंच जमणार. तुमच्याशी खेळतो, ते तुम्ही सोडत नाही म्हणून. असं खेळायचं असेल तर मला जुनाही नको आणि नवाही नको."

जे टिकावं म्हणून धडपडलो, ते आपल्याच हातानं मोडतंय, हे पंतांना लख्ख दिसलं.

"सर, तुम्हाला सांभाळून नाही घेतलं. मला डाव संपवायचा नव्हता. संपला की तुम्ही नव्याची वाट बघणार. तो माझ्या यंत्रावर चालायचा नाही. मग मी कुणाशी खेळू?"

"आधी पूल घ्या," सर म्हणाले आणि फोन बंद झाला.

पंतांनी पूल घेतला. डाव तिथंच संपला. डबा अर्जुनाच्या हाती देऊन ते घरी आले.

"जिंकलात ना? मग चेहरा असा का?" पद्माताईंनी विचारलं. पंतांनी चप्पल नीट जोडीनं ठेवली.

साताऱ्याची गाडी आली की ते स्टँडवर हजर. अर्जुना लांबूनच मान हलवी. "न्हाई ओ. सर दिसलं बी न्हाईत." सांगितलं ते चुकलं का? का आधीच सांगायला हवं होतं? सायकल हातात धरून ते चालतच घरी येत.

आठवडा उलटल्यावर एका दुपारी अर्जुनानं खिडकीतूनच डबा पुढं केला. "घ्या. सर म्हनलं, हळू न्या, आत पाऊस लागलाय."

पंतांनी घरी येऊन फ्लॉपी घातली. जुनाच खेळ, पण नवा डाव, तोही ऐन पावसाळ्यातला. सरांनी पहिली चाल करून टाकली होती. पंतांच्या वाट्याला पडती बाजू: फौज नदीच्या पलीकडे, रस्ता एकच, तोही चिखलाचा.

त्यांनी फोन लावला. "सर, उपासाचं काय?"

"मोडला. पुण्याचे चिडलेत. नवा सप्टेंबरवर गेलाय. आला की मी खेळणार, पंत, आत्ताच सांगून ठेवतो. डब्याचं तेव्हा काय होईल, मला माहीत नाही."

"बरं."

"आणि या वेळी मी पूल मोकळा ठेवलेला नाही."

ते तर पंतांना दिसतच होतं. ते खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसले.

"अगं, चहा इथंच आण. डावी फळी कोसळतेय."

"कुणाची?" पद्माताईंनी आतून विचारलं.

"आपली!"