लग्नाच्या बिअरचं विरजण

आमच्या शेजारची अफ्रा हिंटरविमर बिअर पीत नाही. बव्हेरियातल्या आमच्या जंगलपट्टीत असं सांगितलं की लोक आधी तब्येतीची चौकशी करतात. ती शिवणकाम करते. गावातल्या अर्ध्या पोरींचे सणाचे झगे तिच्या हातचे. बिअर करायचा तो तिचा नवरा वास्तल. गव्हाची, तीही घरी, कपडे उकळायच्या जुन्या तांब्याच्या हंड्यात.

त्या हिवाळ्यात वास्तलला सडकून ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. त्याने कुणालाच सांगितलं नाही. ईस्टरला नेहमीसारखी बिअर केली. माझा नवरा शोर्शही आमच्या तळघरात बिअर करतो. त्याने पहिला घोट घेतला, तोंड आंबट केलं आणि म्हणाला, "वास्तल, यात काकडी चिर. कोशिंबीर होईल."

सगळे हसले, वास्तलही हसला. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने हंडा पालथा घातला. जूनमध्ये त्यांच्या मुलीचं, फ्रोनीचं लग्न होतं. "बिअर विकत आणू," एवढंच म्हणाला.

अफ्राला शंका आली. एका दुपारी तो समोर पेपर वाचत असताना तिने मुद्दाम इस्त्रीखाली चिंधी करपू दिली. खोलीभर वास सुटला. वास्तलने पान उलटलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काय कधीपासून?" मग त्याला चिंधी दिसली. "तापापासून."

"आणि मला आज कळतंय."

"नाक गेलेला माणूस बिअर करतो, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

"माझं नाक आहे ना. तो हंडा सरळ कर."

हंड्याच्या आधी विरजण. वास्तल सांगत गेला, अफ्रा करत गेली. माल्टचा पाक पाण्यात उकळून काचेच्या चंबूत गार केला. चांगल्या गव्हाच्या बिअरची बाटली घेतली, वरची बिअर काढून टाकली, बाटलीचं तोंड ज्योतीवर धरलं आणि तळाशी बसलेला यीस्टचा गाळ त्या पाकात ओतला. चंबूला बूच लावून तो शिलाई मशीनशेजारी ठेवला. एक शिवण झाली की ती चंबू गोल फिरवायची.

चंबूला फेस आला, त्या वेळी मी तिथेच होते. वास्तल खूश झाला. "बघ कसा वर आलाय. उद्याच हंडा चढवू."

अफ्राने चंबू नाकाशी नेला. "नाही. व्हिनेगर येतंय. पुसट आहे, पण आहे."

"अगं, फेस बघ की."

"फेस तू बघ. वास मी घेतलाय," असं म्हणून तिने सगळं मोरीत ओतलं.

वास्तल बोटांवर दिवस मोजू लागला. लग्नाआधी बिअर मुरायला हवी होती आणि दिवस थोडेच उरले होते. अफ्रा मात्र नळी, गाळणी, चमचा, एकेक वस्तू हुंगत सुटली. चंबूचं रबरी बूच तिने वास्तलसमोर धरलं. "व्हिनेगर यात मुरलंय. हे किती जुनं आहे?"

"बाबांच्या वेळचं."

"ईस्टरलाही हेच होतं?"

त्याने मान डोलावली. बूच कचऱ्यात गेलं. दुसरं विरजण तिने सगळी भांडी उकळून घेऊन लावलं, वर नुसती फॉइल झाकली. तिसऱ्या दिवशी तिने मला हाक मारली आणि चंबू माझ्या नाकाखाली धरला. लवंग आणि पिकलेलं केळं, गव्हाच्या चांगल्या बिअरचा वास.

"चढव हंडा," तिने आत वास्तलला सांगितलं.

लग्नात शोर्शने ग्लास रिकामा केला आणि लगेच पुढे धरला. "मानलं तुला, वास्तल. मग ईस्टरला काय झालं होतं?"

"मला वास येत नाही, शोर्श. तापात गेला," वास्तल सगळ्यांदेखत म्हणाला. "ही बिअर अफ्राच्या नाकावर झालीय."

शोर्श अफ्राकडे वळला. "अफ्रा, आमच्याही तळघरात एकदा येऊन जाशील का? आमचं विरजण हल्ली जरा विचित्र वागतंय."

"येईन की. पण आधी तळघर धुऊन ठेव," अफ्रा म्हणाली आणि वास्तलचा हात धरून त्याला नाचायला घेऊन गेली.